कमी ताऱ्यांचा दिवा

रत्नामावशींच्या मॅचिंग सेंटरमध्ये साडी घेऊन येणाऱ्या बाईला आधी दुकानाबाहेर काढलं जायचं. बाईने पिशवीतून साडी काढून काउंटरवर ठेवली रे ठेवली, की मावशी फळीखालून वाकून बाहेर यायच्या. एका हातात साडीचा पदर, दुसऱ्या हातात बाईचं मनगट आणि बगलेत फॉलच्या पाच-सहा गुंडाळ्या, अशी वरात थेट शिरूरच्या भर रस्त्यावर. "उन्हात बगा! आतला रंग खरा नसतो, उन्हातला खरा." एसटीवाला हॉर्न मारतोय, उसाची ट्रॉली अडलीय, आणि मावशी पदर उन्हात पसरून एकेक फॉल लावून बघतायत.

मी शेजारच्या गाळ्यात वह्या-पुस्तकांचं दुकान थाटलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रकार पाहून मला वाटलं, मारामारी लागली. सोडवायला म्हणून मी धावले. मावशींनी मलाच पकडलं. "ए वह्यावाली, ह्यो रंग कुठला, सांग."

"हिरवा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी काही मी त्यांच्या साडीवर शाई सांडली होती. "हिरवा म्हंजी कुठला हिरवा? पोपटी, शेवाळी, मेंदी, रामा का बाटली? नुसता हिरवा आसा रंगच नसतो, बाई." पदर दुमडता दुमडता त्यांनी निकालही देऊन टाकला, "तुला दोनच रंग ठावं. निळी शाई आन् काळी शाई."

हा निकाल त्यांनी पुढे कधी बदलला नाही. मी कितीही चांगली साडी नेसून आले, तरी "निवडली कुनी?" हा पहिला प्रश्न असायचा.

त्या बुटक्या, काटक होत्या. अंबाड्यात कायम एक सुई खोचलेली आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी कातर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा संतोष रांजणगावच्या कंपनीत होता, तिकडेच खोली घेऊन राहायचा. माहेर दौंडकडचं, मेंढपाळांचं. वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली तेव्हा या लहान होत्या, पण रंगाची नजर तिथलीच. "आमच्या घरात मेंढरांना नावं नव्हती. समदी काळीच. पन काळ्यात बी किती काळं! कुनाच्या लोकरीत तांबूस, कुनाच्यात राखी. आई नुसत्या नजरंनं सांगायची, कुठलं न्हाई आलं त्ये." एवढं सांगून त्या विषय बदलायच्या, कारण आईची पुढची गोष्ट चांगली नव्हती. आईला उतारवयात दिसेनासं झालं. आधी रंग गेले, मग माणसं गेली. शेवटची कितीतरी वर्षं ती भिंतीला धरून चालत होती.

माणसंही मावशी रंगावरूनच ओळखायच्या. आमच्या गाळ्यांचा मालक गोड बोलून भाडं वाढवायचा, तो त्यांच्या लेखी अबोली, "दिसतो नाजूक, पन डाग पडला की निघत न्हाई." माझ्या यजमानांना त्या बदामी म्हणायच्या, कारण "कशावर बी खपून जात्यात." मी कोण, असं एकदा लाडात येऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "तू आजून कोरी हायेस. धुतल्याबिगर कळत न्हाई." हे कौतुक होतं की टोमणा, ते मी अजून ठरवतेय.

मग रस्ता रुंद झाला. आमचे पत्र्याचे गाळे गेले आणि मागच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये आम्हाला जागा मिळाल्या. मला दर्शनी गाळा मिळाला. मावशींचा मात्र पार आत, लांब बोळकंडीच्या टोकाला. तिथे ऊन पोचतच नव्हतं. भरदुपारी दिवा लावल्याशिवाय हूक आणि टिचबटण यातला फरक कळायचा नाही.

दिव्यांच्या बाबतीत मावशींनी हात आखडता घेतला नाही. विजेच्या दुकानात जाऊन त्यांनी खोक्यांवरचे तारे बघून दिवे घेतले. पाच तारे म्हणजे सगळ्यात वरचा. फ्रिजला बघतात तसंच. एक ताराही कमी असलेला दिवा त्यांनी हातात धरला नाही. गाळ्याच्या छताला ते एलईडी दिवे लागले आणि आतली ती कोंदट जागा दुधासारखी पांढरी झाली. मावशी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "बग मीने, ऊन आत आनून ठिवलं." रिकामी खोकी फेकून द्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता. एका खोक्यात हूक, दुसऱ्यात टिचबटणं, तिसऱ्यात मोडक्या सुया, अशी ती काउंटरवर ओळीने बसली.

आणि "उन्हात बगा" बंद झालं. बोळकंडीतून बायकांना ओढत रस्त्यापर्यंत न्यायचं कशाला, आत पाच ताऱ्यांचा उजेड असताना? शेजारच्या पार्लरवालीला आणि समोरच्या बांगडीवाल्यालाही त्यांनी तेच दिवे घ्यायला लावले.

पहिली तक्रार आली ती तळेगाव ढमढेऱ्याच्या एका बाईंची. मुलीच्या लग्नाचा डाळिंबी शालू होता, लग्न दिवाळीनंतरचं. मावशींनी त्याला फॉल लावून दिला होता. बाई शालू परत घेऊन आल्या, ओरडल्या नाहीत, उलट ओशाळून म्हणाल्या, "मावशी, ह्यो फॉल चॉकलेटी लागलाय ओ. पोरगी चालायला लागली की खालून दिसतंय." मी तिथेच होते. मावशींनी शालूची कड उलटली, दिव्याखाली धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. मग काही न बोलता उसवायला घेतली. बाई गेल्यावर मला म्हणाल्या, "मीने, हिकडं बग. ह्या दोन्हीत काय फरक दिसतो का?"

मी बघितलं. मला दोन्ही सारखेच दिसले. तसं सांगितलं.

"तुला काय इचारायचं म्हना," असं म्हणून त्यांनी ते गुंडाळून ठेवलं. माझ्या साक्षीला त्यांच्या कोर्टात किंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही कोर्टात नव्हती.

त्यानंतर एका मरून साडीला वांगी परकर गेला. एका बाईने नेव्ही ब्ल्यू अस्तर मागितलं तर काळं गेलं. दरवेळी परत आलेला कपडा मावशी दिव्याखाली धरायच्या, आणि दरवेळी त्यांना तो बरोबरच दिसायचा. गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. म्हणजे खोटे आपले डोळे. हळूहळू त्यांनी साड्या घेणंच कमी केलं. "आज लई काम हाय" म्हणून बायकांना परत पाठवायच्या आणि मग रिकाम्या बसून रिळं लावत राहायच्या. मी बघितलं, तर रिळंसुद्धा नंबर वाचून लावत होत्या. ज्या बाईने आयुष्यात दोऱ्याचा नंबर वाचला नव्हता, ती चष्मा पुसून पुसून नंबर वाचत होती.

संतोष रविवारी आला की एकच धोशा लावायचा, "आई, बास झालं आता. ओढ शटर आन् चल रांजणगावला." पूर्वी त्या त्याला उडवून लावायच्या. आता ऐकून घ्यायला लागल्या, आणि याचीच मला जास्त भीती वाटली.

एकदा न राहवून मी म्हटलं, "मावशी, त्या शालूच्या ब्लाऊज पीसचा उरलेला तुकडा आणि फॉल जरा बाहेर उन्हात नेऊन बघू या का?"

त्या एकदम अंगावर आल्या. "न्हाई न्यायचा!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उन्हात बी सारखंच दिसलं तर? मग काय ऱ्हायलं? आईचं बी आसंच झालं व्हतं, मीने. आधी रंगच ग्येलं तिचं."

म्हणजे हे होतं. जी बाई अख्ख्या शिरूरला उन्हात ओढत होती, ती स्वतः बोळकंडीच्या तोंडाशी जायला घाबरत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. उद्या डॉक्टरकडे गेलंच पाहिजे, म्हटलं. त्या कबूल झाल्या, पण शिरूरमध्ये नको. शिरूरमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांना तोटा नाही, पण "दवाखान्यात समदी माझीच गिऱ्हाइकं बसलेली असत्यात. मॅचिंगवालीचं डोळं ग्येलं म्हून दुपारपातुर गावभर." दौंडला जायचं ठरलं.

एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या, पण बाहेर बघत नव्हत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत शालूच्या ब्लाऊज पीसमधून उरलेली डाळिंबी पट्टी आणि उसवलेला तो फॉल. पुरावा घेऊन कोर्टात निघाल्यासारख्या. मी काहीबाही बोलत होते. शाळा उघडल्या, वह्या महागल्या. त्यांनी एकदाही मला टोमणा मारला नाही. काय दिवस आले होते!

डॉक्टर बाई तरुण होत्या, हसतमुख होत्या आणि मुख्य म्हणजे घाईत नव्हत्या. यंत्राला हनुवटी टेकवून झाली, अक्षरं वाचून झाली. मग त्यांनी रंगीत ठिपक्यांची पानं काढली, ज्यात ठिपक्यांमधून आकडा ओळखायचा असतो. मावशींचे हात पदराशी चाळा करत होते. पहिलं पान. आकडा बरोबर. दुसरं, तिसरं, सगळी बरोबर. डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, चष्म्याचा नंबर जरा वाढलाय. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, या वयात असते तेवढी. रंग तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले दिसतायत."

माणसाला सुटल्यासारखं वाटायला हवं की नाही? मावशी चिडल्या. "मग ह्ये दोन येकच दिसत्यात त्ये कसं काय?" म्हणून त्यांनी पिशवीतून पट्टी आणि फॉल काढला आणि डॉक्टरांच्या पुढ्यात धरला. डॉक्टरांची खुर्ची खिडकीजवळ होती. खिडकीतून दौंडचं सकाळचं ऊन आत आलं होतं, चांगलं लख्ख, टेबलावर पसरलेलं.

मावशींचा हात त्या उन्हात तसाच थांबला.

"आगं बया," त्या म्हणाल्या. "ह्ये तर चॉकलेटी हाय."

मीही वाकून बघितलं. पट्टी डाळिंबाच्या दाण्यासारखी लालबुंद, आणि फॉल धडधडीत चॉकलेटी. माझ्यासारख्या दोन शायांच्या बाईलाही कळावं इतका फरक. मावशींनी ती दोन्ही कापडं उन्हातून सावलीत नेली, पुन्हा उन्हात आणली. मग खुर्चीवर बसल्या आणि फॉलमध्ये तोंड खुपसून रडल्या. मला वाटलं डॉक्टर गोंधळतील. त्या उठून पाणी घेऊन आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "मावशी, दुकानात दिवा कसला आहे?"

"पाच तारेवाला!" हुंदक्यातसुद्धा त्यांच्या आवाजात ऐट होती.

डॉक्टरांना हसू आवरेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. तारे देतात ते विजेचे. एवढ्या विजेत दिवा उजेड किती देतो, ते तारे सांगतात. त्या उजेडात रंग खरे दिसतात की नाही, याचा ताऱ्यांशी संबंध नाही. त्याचा वेगळा आकडा असतो, शंभरपैकी, आणि तो खोक्यावर बारीक अक्षरात असतो. कधी नसतोच. "मलाही डोळ्यातली लाली बघायची असते ना. साध्या दिव्यात लाल रंग फसवतो. म्हणून मी नव्वदच्या वरचा दिवा शोधून आणलाय. तुमच्या कामालाही तोच लागेल."

दवाखान्यातून निघालो ते सरळ स्टेशन रोडच्या विजेच्या दुकानात. मावशींनी दुकानदाराला खोक्यांची उतरंड लावायला लावली. प्रत्येक खोकं उलटं करायच्या, माझ्याकडे द्यायच्या आणि मी बारीक अक्षर वाचायचं. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मावशी, पांढरा पाहिजे का पिवळा, तेवढं सांगा ना." मावशी म्हणाल्या, "पांढरा-पिवळा म्या बगती. खरा बोलनारा कुठला, त्ये सांगा." शेवटी माळ्यावरून एक धूळ बसलेलं खोकं निघालं. रंगाचा आकडा नव्वदच्या वर. पण समोर तारे दोन कमी. मावशींनी क्षणभर ओठ मुडपला. मग म्हणाल्या, "द्या."

परतीच्या गाडीत मात्र त्यांनी मला जीव नकोसा केला. खिडकीतून बाहेर बघत सुटल्या. "त्यो ऊस बग, पोपटीत मेंदी. ती पाइपलाइन, चिंतामणी. त्या बाईचं लुगडं, आमसुली आन् काठ गुलबक्षी, कुनी निवडलं आसंल गं? आन् त्यो ट्रॅक्टर राणी कलर रंगवलाय, लाज न्हाई मेल्याला." पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायला लागला. मी हसत होते, आणि डोळे पुसत होते. इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या कुठल्या दुखण्यातून उठल्यावरही वाटलं नव्हतं.

भीमेचा पूल आला तेव्हा त्या एकदम थांबल्या. खाली पाण्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता पाण्याचा रंग सांगतील.

"मीने, आईला कुनी दौंडला न्हेलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "डोळं ग्येलं, आसं आम्हीच ठरवलं. मोतीबिंदूच आसंल तिचा. काढून टाकला आसता. गावापासनं दवाखाना काय लांब व्हता? पन इचारलंच न्हाई कुनी. तिनं बी न्हाई." मी त्यांचा हात धरला. पूल संपून बराच वेळ झाला तरी त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

शिरूरला उतरल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. आधी दुकान उघडलं, काउंटरवरचं हुकांचं खोकं माझ्यापुढे रिकामं केलं आणि म्हणाल्या, "वाच." समोर पाच तारे. बाजूला वॅट, ल्युमेन, किती तास टिकेल ते. आणि अगदी तळाशी, जिथे हुकांनी ओरखडे पडले होते तिथे, रंगाचा आकडा: सत्तर. रोज हात घालत होत्या त्या खोक्यात.

त्या मोठ्याने हसल्या. "नुसता गनिताचा मार्क बगून पोराला पैला नंबर म्हनावं, तसं क्येलं की मी." मग त्यांनी त्या लेबलाची आपल्या पद्धतीने उजळणी केली, ती मला अजून पाठ आहे. "वॅट म्हंजी खातो किती. ल्युमेन म्हंजी राबतो किती. तारं म्हंजी खाऊन राबनारा कसा हाय त्ये. आन् ह्यो खालचा आकडा म्हंजी खरं बोलतो किती." काउंटरच्या वरचा पाच तारेवाला त्यांनी उतरवला, नवा लावला. शालूची पट्टी खाली धरली. डाळिंबी. फॉल धरला. चॉकलेटी. उतरवलेल्या दिव्यावर मात्र त्यांनी राग धरला नाही. तो बोळकंडीत लावला. "त्याची काय चूक न्हाई. चालायला चांगला हाय, रंग इचारू नका त्याला." पार्लरवालीकडे आणि बांगडीवाल्याकडेही त्या स्वतः जाऊन सांगून आल्या.

तळेगावच्या बाईंच्या मुलीचा शालू मावशींनी नवा फॉल लावून स्वतः पोचवला, आणि तिथल्या अंगणात नवरीला उन्हात चालायला लावलं म्हणे.

त्यानंतर दुकानात येणाऱ्या कुठल्याही म्हातारीने "आता दिसत न्हाई गं बाई" असं म्हटलं, की मावशी हातातलं काम ठेवायच्या. "दिवा कसला हाय घरात? आन् डॉक्टरला कवा दावलं?" दिव्याचं उत्तर आलं तर खोकं घेऊन यायला सांगायच्या. डॉक्टरचं उत्तर आलं नाही, तर पुढच्या आठवड्यात ती म्हातारी आणि मावशी दौंडच्या गाडीत शेजारी बसलेल्या असायच्या. मला माझ्या दारातून दिसायच्या, डोक्यावरून पदर घेऊन, भांडत भांडत जाताना. परत आलेल्या कितीतरी म्हाताऱ्या नंतर काळा चष्मा लावून बोळकंडीत आल्या, आणि मावशींनी त्यांना आधी लुगड्याचा रंग विचारला.

दुकान त्यांनी यंदा बंद केलं. संतोषने शटर ओढायला लावलं नाही, गुडघ्यांनी लावलं. "डोळ्यापायी न्हाई हां," हे त्यांनी मला, पार्लरवालीला, गाळ्याच्या मालकाला, सगळ्यांना सांगितलं. जाताना तो कमी ताऱ्यांचा दिवा त्यांनी स्वतः उतरवून माझ्या हातात दिला. "तुला वह्यांना लागत न्हाई. पन लाव."

तो माझ्या काउंटरवर लागलाय. त्या रांजणगावला मुलाकडे सुखात आहेत. सुनेला छळत असाव्यात, कारण फोनवर फार खूश असतात. पहिला प्रश्न ठरलेला, "दिवा चालू हाय का?" चालू आहे म्हटलं, की दुसरा, "आज कुठली साडी नेसलीस?"

परवा मी म्हटलं, "निळी."

"निळी म्हंजी कुठली निळी?"

मी पदर दिव्याखाली धरला. बराच वेळ बघितलं. मग फोन कानाला तसाच लावून उठले, गिऱ्हाईक उभं होतं त्याला थांब म्हटलं, आणि पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले. मागून एसटीने हॉर्न दिला. "थांबा मावशी," मी म्हटलं, "उन्हात बघून सांगते."